बर्फ म्हणजे चिखल

तेरा ओळी आणि तेरा रकाने, म्हणजे १६९ चौकटी. एवढ्या जागेत अख्खं राणीसावरगाव बसवायचं तर आधी काय मांडायचं? आमचं ठरलेलं असायचं. आधी देऊळ.

आम्ही पोरं ज्याला 'टँक' म्हणायचो, त्या व्हिडिओ गेमचं खरं नाव 'बॅटल सिटी'. जपानच्या नामको कंपनीने तो १९८५ साली काढला. पडद्याच्या तळाशी मधोमध गरुडाचं चिन्ह, त्याभोवती विटांचा कोट. वरच्या बाजूने शत्रूचे रणगाडे उतरणार आणि आपल्या रणगाड्याने गरुड राखायचा. गरुड पडला की खेळ खलास. त्या गेममध्ये आणखी एक सोय होती, रणांगण आपल्या हाताने रचायची. सामान पाचच प्रकारचं. वीट गोळीने फुटते, पोलाद साध्या गोळीला दाद देत नाही, पाण्यातून रणगाडा जात नाही, झाडीखाली शिरला की दिसत नाही आणि बर्फावर घसरतो.

गरुडाची जागा हलवता यायची नाही, म्हणून रेणुकामातेचं देऊळ तिथेच. त्याच्या वरच्या अंगाला विटांची बाजारगल्ली. शाळा पोलादाची, कारण ती कुणाला फोडता येऊ नये असं माझ्या धाकट्या भावाचं म्हणणं. ओढा पाण्याचा, बालाघाटाचे डोंगर झाडीचे. उरला बर्फ. बर्फ आम्ही पाहिलेला तो फक्त गोळेवाल्याच्या गाड्यावर. त्याचं गावात काय करायचं यावर दोन दिवस वाद चालला. मग भाऊच म्हणाला, "अक्का, बर्फावर टँक घसरतोय ना? मग पावसाळ्यात बाजारतळावर आपण घसरतोच की. बर्फ म्हणजे चिखल."

ही गोष्ट १९९७ सालची. मी सहावीत होते. लाइट गेली की आमचं गाव पुसलं जायचं, कारण रचलेलं रणांगण साठवून ठेवायची सोय त्या कॅसेटमध्ये नव्हती. दुसऱ्या दिवशी पुन्हा देऊळ, पुन्हा गल्ली, पुन्हा चिखल. आज मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवते. जुने गेम आणि जुने सिनेमे यांच्याबद्दल मला जे काही कळलं, ते सगळं भावाच्या त्या एका वाक्याच्या आसपासचं आहे.

आबांचं दुकान

गंगाखेड तालुक्यातल्या या गावात माझे वडील रेडिओ, टीव्ही आणि विहिरीवरच्या मोटारींचे स्टार्टर दुरुस्त करायचे. त्यांना आम्ही आबा म्हणायचो. दुकानाच्या पुढच्या अर्ध्या भागात दुरुस्ती चालायची. मागच्या अर्ध्यात एक रंगीत टीव्ही, एक व्हीसीआर आणि परभणीहून आणलेला गेमचा संच होता. लग्न, बारसं, गणपती असलं की टीव्ही-व्हीसीआर भाड्याने जायचा. एरवी त्याच टीव्हीवर तासाला पाच रुपये घेऊन पोरांना गेम खेळायला मिळायचा. वेळ धरायचं काम माझं. समोर गजराचं घड्याळ, हातात पाटी, पाटीवर नाव आणि बसल्याची वेळ.

तो संच म्हणजे जपानी यंत्राची नक्कल होती. निन्टेन्डो कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये 'फॅमिली कॉम्प्युटर' विकायला काढला. त्याच्या नकला पुढे निम्म्या जगात पसरल्या आणि आपल्याकडच्या लहान गावांपर्यंत पोचल्या त्या या नकलाच. कॅसेटवर लाखो गेम असल्याचं छापलेलं असायचं. प्रत्यक्षात मोजकेच गेम वेगवेगळ्या पायरीपासून सुरू करून यादी लांबवलेली. तरी आम्हाला ते पुरायचे. मारिओ, काँट्रा, टँक आणि बदकांची शिकार, एवढ्यावर आमची कितीतरी वर्षं गेली.

कॅसेट चालली नाही की पोरं तिच्या तोंडात फुंकर मारायची. आबा ओरडायचे. फुंकरीबरोबर तोंडाची वाफ जाते आणि धातूच्या पट्ट्यांना गंज धरतो, हे ते प्रत्येकाला समजावून सांगायचे. मग माझ्या कंपासमधलं खोडरबर मागून त्या पट्ट्या हलक्या हाताने घासायचे आणि चित्र लख्ख यायचं. नवं सामान मागवायचं तर परभणी नाहीतर नांदेड गाठावं लागे. त्यामुळे हाताशी जे आहे त्यातच काम कसं भागेल, हा त्यांचा पहिला विचार असायचा. एका निकामी टीव्हीचा भाग दुसऱ्यात कामाला यायचा. ते म्हणायचे, "सामान कमी असलं की डोकं जास्त लागतं. लागू द्यावं."

ढगाचं झुडूप

आबांचं हे म्हणणं मला मोठेपणी मारिओत सापडलं. 'सुपर मारिओ ब्रदर्स' १९८५ च्या सप्टेंबरात जपानमध्ये आला. त्याचे कर्ते शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका. बत्तीस टप्प्यांचा हा अख्खा गेम ४० किलोबाइटमध्ये बसवलेला आहे. आज फोनवर काढलेला एखादा फोटो सहज दोन मेगाबाइटचा असतो. म्हणजे एका फोटोच्या जागेत असे पन्नास मारिओ मावतील.

मग हे बसवलं कसं? पडद्यावरचं आकाश आणि जमीन नीट बघा. वर तरंगणारा पांढरा ढग आणि खाली उगवलेलं हिरवं झुडूप, दोन्हींचं चित्र एकच आहे. फक्त रंग बदललाय. आम्ही शेकडो वेळा त्या ढगाखालून आणि त्या झुडपापुढून पळालो, पण हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. आकाशात असलं की डोळ्यांनी त्याला ढग म्हणायचं आणि जमिनीवर असलं की झुडूप. उरलेलं काम डोळ्यांनीच केलं.

मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा माझी माय आठवली. माय वाकळ शिवायची. जुन्या लुगड्याचा एकच तुकडा, वाकळेच्या काठाला लावला की तो नक्षी दिसायचा आणि मधे लावला की ठिगळ. तुकडा तोच, जागा वेगळी. एकाही चिंधीचा तिने कधी अनादर केला नाही. मियामोतोंनी ढग हिरवा केला तेव्हा त्यांच्या मनात काय होतं ते राहू द्या. हात मात्र माझ्या मायसारखाच चालला होता.

मारिओचा अवतारसुद्धा असाच घडला. तो पहिल्यांदा आला १९८१ च्या 'डाँकी काँग'मध्ये, आणि तेव्हा तो नळदुरुस्तीवाला नव्हता, सुतार होता. त्याला रंगवायला जेमतेम सोळा बाय सोळा ठिपके. एवढ्यात केस उडताना दाखवता येईनात, म्हणून टोपी आली. तोंड काढायला जागा नाही, म्हणून मिशी. हात अंगाशी एकजीव होऊन दिसेनात, म्हणून वेगळ्या रंगाचे खांदेपट्ट्यांचे कपडे. ज्या खुणांनी तो जगभर ओळखला जातो, त्या एकेका अडचणीवरचा तोडगा आहेत.

कधी कधी तर अडचण हीच खेळाचा जीव झाली. १९७८ साली टाइटो कंपनीसाठी तोमोहिरो निशिकादो यांनी 'स्पेस इन्व्हेडर्स' केला. पाच रांगांत ५५ परग्रहवासी, डावी-उजवीकडे सरकत खाली उतरणारे. यंत्र इतकं मंद होतं की ५५ जणांना हलवताना त्याची दमछाक व्हायची. जसजसे ते मरत, तसतसं यंत्रावरचं ओझं कमी व्हायचं आणि उरलेले भरभर सरकायचे. शेवटचा एकटा तर वाऱ्यासारखा. निशिकादोंनी हे पाहिलं आणि तसंच ठेवलं. शत्रू कमी होतील तशी भीती वाढत जायची, हा त्या खेळाचा प्राण यंत्राच्या अशक्तपणातून आला.

काँट्रात तीस जीव मिळवून देणारी बटणांची मालिका आमच्या गावातल्या पोरांना पाढ्यासारखी पाठ होती: वर, वर, खाली, खाली, डावं, उजवं, डावं, उजवं, बी, ए. तिचा जनक काझुहिसा हाशिमोतो, कोनामी कंपनीतला एक प्रोग्रामर. १९८६ साली 'ग्रॅडियस' हा गेम घरच्या यंत्रावर आणताना तो तपासून बघायचा होता आणि तो त्यालाच जड जात होता. म्हणून त्याने स्वतःसाठी एक चोरवाट ठेवली, आणि गेम बाहेर पडला तेव्हा ती आतच राहिली. दुरुस्त केलेल्या टीव्हीच्या आत आबांच्या खडूच्या खुणा राहायच्या, तशी.

अंधाराचं काम

सिनेमाशी माझी खरी ओळख झाली ती लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत. आबा मला तंबूतल्या सिनेमाला घेऊन गेले. आत 'माहेरची साडी' लागला होता, विजय कोंडके यांचा, अलका कुबल यांचा, १९९१ चा. बाया पदराला डोळे पुसत होत्या. आबांनी मात्र मला मध्येच उठवून बाहेर उभ्या असलेल्या गाडीकडे नेलं. तिच्यात प्रोजेक्टर होता. कार्बनच्या दोन कांड्यांमधला प्रखर उजेड, फिरणारं रीळ आणि घामाने भिजलेला ऑपरेटर. आबांनी ओळख काढली आणि मला जवळून बघायला मिळालं.

त्या दिवशी जे समजलं ते आजही मी सातवीच्या वर्गाला सांगते. फिल्मवर सेकंदाला २४ चित्रं असतात, आणि प्रत्येक चित्र भिंगासमोर क्षणभर थांबतं. थांबलेलं चित्र सरकवून पुढचं आणायचं, तर सरकताना उजेड अडवावा लागतो. नाहीतर पडद्यावर नुसते फराटे उमटतील. त्यासाठी उजेडापुढे एक पातं फिरत असतं. एका चित्रावर ते उजेड दोनदा पाडतं, म्हणजे सेकंदाला ४८ वेळा पडदा उजळतो आणि ४८ वेळा काळा होतो. तीन तासांच्या सिनेमातला बराच वेळ आपण अंधारात बसलेलो असतो आणि आपल्याला ते कळत नाही. एका चित्रातला हात आणि पुढच्या चित्रातला हात यांच्यामधली हालचाल पडद्यावर नसतेच. ती आपण जोडतो. म्हणजे अलका कुबल यांचा पदर हलला, तो त्या तंबूतल्या बायांनी हलवला.

आपल्या देशातल्या सिनेमाची सुरुवातही याच जोडकामापासून झाली. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांना भांडवल हवं होतं आणि या नव्या विद्येवर कुणाचा भरवसा नव्हता. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला. कॅमेरा एका जागी ठेवून, थांबत थांबत, त्याच्या वाढीची एकेक चौकट टिपली. काही आठवड्यांचं उगवणं पडद्यावर मिनिटाभरात दिसलं. 'अंकुराची वाढ' हे त्या चित्रफितीचं नाव, साल १९१२. ना नट, ना वाडा, ना पोशाख. एक वाटाणा, थोडी माती आणि धीर. त्याच्या जोरावर पैसा उभा राहू लागला. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी दागिने दिले, कच्च्या फिल्मला भोकं पाडण्यासारखं रात्रीचं किचकट काम केलं आणि सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही सांभाळला.

३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' गिरगावच्या कोरोनेशन सिनेमागृहात लागला. तारामतीच्या कामाला बाई मिळेना, तेव्हा ग्रँट रोडच्या एका हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. पुढे १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये तर रामही तेच आणि सीताही तेच. अशोकवनात बसलेली सीता आणि तिच्यासाठी झुरणारा राम, एकाच माणसाचं एकच अंग. पाहणाऱ्यांनी हात जोडले. ढग आणि झुडूप यांची गोष्ट मला या ठिकाणी पुन्हा भेटते, जपानच्याही ६८ वर्षं आधी आणि आपल्याच मुलखात.

आमच्या ओसरीवर व्हीसीआर लागायचा तेव्हा अर्धी गल्ली जमायची. एकादशीला प्रभातचा 'संत तुकाराम' ठरलेला. दामले-फत्तेलाल यांनी १९३६ साली केलेला आणि पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात वाखाणलेला हा सिनेमा साठ वर्षांनी आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या हात जोडूनच बघायच्या. लग्नघरी 'अशी ही बनवाबनवी'. आणि पोरांसाठी 'झपाटलेला', महेश कोठारे यांचा १९९३ चा. तात्या विंचू म्हणजे रामदास पाध्ये यांनी घडवलेला आणि खेळवलेला बाहुला. त्याला आवाज दिलीप प्रभावळकरांचा. त्या बाहुल्याला एकच चेहरा आणि उघडझाप करणारा जबडा. पण उजेड खालून पडला, कॅमेरा दाराच्या फटीतून सरकला की तोच चेहरा क्रूर दिसायचा. लक्ष्मीकांत बेर्डे समोर आले की तोच चेहरा हसवायचा. भाऊ चार दिवस अंगणात एकटा गेला नाही. बाहुल्यात भीती नव्हती, ती त्याने आपल्या पदरची घातली होती.

अंधाराचा सगळ्यात सुंदर उपयोग मला बदकांच्या गेममध्ये दिसला. निन्टेन्डोचा 'डक हंट' १९८४ चा. प्लॅस्टिकची बंदूक टीव्हीकडे रोखायची आणि उडणारं बदक पाडायचं. गावात बोलवा अशी होती की बंदुकीतून किरण निघतो. आबांनी ती उघडून दाखवली. आत किरण सोडणारं काहीच नव्हतं. होता तो उजेड ओळखणारा एक लहानसा डोळा. बंदूक मारत नव्हती, बघत होती. घोडा ओढला की टीव्ही क्षणभर पूर्ण काळा होतो. लगेच पुढच्या चित्रात बदकाच्या जागी एक पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीला आधी काळं आणि मग पांढरं दिसलं, म्हणजे नेम बरोबर. हे सगळं इतक्या झटपट होतं की आपल्याला नुसती लवलव जाणवते. गावातल्या काही पोरांनी बंदूक बल्बकडे रोखून बदक पाडायचा प्रयत्न केला. ते जमेना, कारण ज्या क्षणी काळं दिसायला हवं त्या क्षणी बल्ब जळतच असायचा. हा खेळ चालतो तो जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवर. आजच्या सपाट टीव्हीला चित्र दाखवायला किंचित उशीर होतो, आणि तेवढ्याने बंदुकीचा हिशेब चुकतो.

पुण्याची राजी

दोन वर्षांपूर्वी भाच्याने मला एक नवा गेम दाखवला, 'राजी'. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या लहानशा चमूने केलेला, २०२० साली आलेला. लोकवर्गणीतून पैसा उभा करायचा त्यांचा पहिला प्रयत्न फसला होता, तरी त्यांनी काम सोडलं नाही. सर्कशीत कसरती करणारी राजी ही पोर, राक्षसांनी पळवलेला तिचा धाकटा भाऊ गोलू, आणि भावाला सोडवायला निघालेल्या राजीच्या हाती दुर्गेने दिलेला त्रिशूळ.

नवरात्रात रेणुकामातेच्या देवळाच्या पायऱ्या चढत मोठी झालेली मी. ज्या खेळांत आजवर मारिओ आणि काँट्राचे सैनिक पाहिले, तिथे एक बहीण हातात त्रिशूळ घेऊन भावासाठी लढते आहे, हे बघताना माझा गळा दाटला. पण शिक्षिकेची नजर दुसरीकडे गेली. कथेचे दुवे सांगायची वेळ आली की त्यात छायाबाहुल्या येतात. मागे उजेड, पुढे सावल्या. कोकणात सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे ठाकर कलावंत चामड्याच्या बाहुल्या दिव्यापुढे धरून असंच रामायण सांगत आले आहेत. चेहऱ्यावरचा प्रत्येक भाव रंगवत बसण्याऐवजी सावली दाखवायची आणि चेहरा बघणाऱ्याला पुरा करू द्यायचा.

आताचे गेम आणि सिनेमे मला आवडतात. त्यातला पाऊस खरा वाटतो, केसन् केस हलतो. पण जुन्यांकडे मी पुन्हा पुन्हा जाते ते बालपण आठवावं म्हणून नाही. त्यांच्याकडे सगळं दाखवायला सामान नव्हतं, म्हणून त्यांनी बघणाऱ्यावर भरवसा टाकला. राणीसावरगावातल्या सहावीच्या पोरीवरसुद्धा. एवढा भरवसा माझ्यावर तोवर फार थोड्यांनी टाकला होता. मुलांना शिकवताना तो मी टाकू बघते.

म्हणून दरवर्षी दिवाळीनंतर मी वर्गाला आलेख कागदावर तेरा बाय तेरा चौकटी आखायला सांगते. पाच रंग, पाच प्रकारचं सामान आणि त्याचे नियम फळ्यावर लिहिते. आपलं गाव बसवा म्हणते. पोलादाचे आता मोबाइलचे टॉवर होतात. बर्फाची कुणी सोलरची प्लेट करतं. भावाचा चिखल अजून एकालाही सुचलेला नाही, आणि मी तो सांगत नाही.

दिवाळीनंतर आमच्या वर्गात काही बाक रिकामे असतात. या डोंगरपट्ट्यातली बरीच घरं ऊसतोडीला जातात. काही लेकरं आईबापाबरोबर जातात, काही आजीपाशी राहतात. गेल्या वर्षी आजीपाशी राहिलेल्या एका मुलीने आपलं गाव मन लावून रंगवलं. सगळी घरं विटांची तांबडी. एकच घर हिरवं. मला वाटलं रंग चुकला. मी विचारलं, "हे घर झाडीचं का गं?"

तिने फळ्यावरच्या नियमाकडे बोट दाखवलं.

"ते आमचं घर आहे, बाई. झाडीखालचा टँक दिसत नाही, पण असतोच की."